कासवर लग्न लावावे का?

माझ्या भाचीला आणि तिने पसंत केलेल्या मुलाला लग्न अगदी थोड्या माणसांत लावायचे आहे. कार्यालय, वाजंत्री, आहेर, पंगती यांपैकी काहीही नको. कास पठारावर, फुलांच्या दिवसांत, जवळची आठ-दहा माणसे सोबत घेऊन उभे राहायचे आणि एकमेकांचे व्हायचे, एवढीच त्यांची कल्पना आहे. मी साताऱ्यात राहते, कासच्या वाटेवर माझे येणे-जाणे असते, म्हणून जागेचा सर्व बाजूंनी विचार करून सांगण्याचे काम भाचीने माझ्यावर सोपवले. "मावशी, तू हो म्हणालीस तर आम्ही पुढे जाऊ," असे ती म्हणाली. हे काम मी मनापासून केले, कारण त्या दोघांच्या साधेपणाच्या आग्रहाबद्दल मला आदर आहे आणि त्या पठाराबद्दल माया आहे, आणि या दोहोंपैकी एकीसाठी दुसरीला धक्का लागू नये असे मला वाटत होते.

आधी या लग्नाची परिस्थिती सांगायला हवी, कारण जागेचा प्रश्न तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. भाचीच्या घरून, म्हणजे माझी ताई आणि भावोजी यांच्याकडून, संमती आहे. मुलाचे घर साताऱ्यातच आहे आणि तिथे जात आडवी आली आहे. त्याचे वडील येणार नाहीत हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आई काय करतील हे त्यांचे त्यांनाही आज सांगता येत नाही. त्यामुळे लग्न लहान ठेवण्यात दोघांची आवड आहे तशी थोडी अगतिकताही आहे. शे-पाचशे माणसांच्या मांडवात न आलेली दोन माणसे गर्दीत झाकली जातात. आठ-दहा जणांत मात्र त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांकडेच सर्वांची नजर जाते. उघड्या पठारावर कोणासाठीच खुर्ची मांडलेली नसते, असे भाची एकदा बोलता बोलता म्हणाली, आणि तेव्हा मला कळले की तिच्या मनात कास का आले आहे. नुसत्या छायाचित्रांसाठी तिने ती जागा निवडली असती तर मी पहिल्याच दिवशी नको म्हटले असते.

साध्या लग्नाची परंपरा सातारा जिल्ह्याला परकी नाही. ज्योतिराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. त्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहिताशिवाय, अत्यंत कमी खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लागले. वधूवरांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःला समजणाऱ्या भाषेत एकमेकांना वचन द्यावे, हा त्यातला गाभा होता. माझ्या भाचीचे आजोबा, म्हणजे माझे वडील, हे सारे आम्हा बहिणींना लहानपणी सांगत असत. आपल्या नातीने रजिस्टर लग्न ठरवले आहे हे ऐकून ते आनंदित झाले असते, याबद्दल मला शंका नाही.

आता कायद्याचे. दोघांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे ठरवले आहे, आणि या कायद्याने जागेच्या प्रश्नाला मी समजत होते त्यापेक्षा बराच आकार दिला. लग्नाची नोटीस ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचा तरी नोटिशीच्या आधी सलग किमान तीस दिवस मुक्काम असावा लागतो. भाची पुण्यात नोकरी करते, मुलगा साताऱ्यात राहतो, तेव्हा नोटीस साताऱ्यात देता येते. दोघेही पुण्याचे असते तर कासचा विषय तिथेच संपला असता. नोटीस दिल्यावर ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावली जाते, आणि दुसऱ्या जिल्ह्यात कायमचे राहणाऱ्या जोडीदारासाठी तिची प्रत त्या जिल्ह्याच्या कार्यालयातही लागते. आक्षेपासाठी तीस दिवस थांबावे लागते. ज्यांच्या घरचा विरोध नुसत्या अबोल्यावर थांबणारा नसतो अशा जोडप्यांच्या बाबतीत हे तीस दिवस किती जिवावरचे ठरत असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे विरोध आहे तो रुसव्याचा आहे, भीतीचा नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते.

नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर ती रद्द होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हा हिशेब कासच्या फुलांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला तेव्हा मला बरे वाटले: जुलैच्या पहिल्या आठवड्यात नोटीस दिली तर ऑगस्टच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोणताही दिवस घेता येतो, आणि पठार साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतच फुललेले असते. पण विवाह अधिकाऱ्याची वेळ आधी ठरवावी लागते, आणि फुले मात्र पावसाच्या मर्जीने येतात. पाऊस लांबला, मध्येच उघडीप पडली, ऊन कमी मिळाले, की बहर पंधरा-पंधरा दिवस पुढेमागे होतो. ज्या तारखेला अधिकारी येतील त्या तारखेला पठार रंगलेले असेल, असे कोणीही सांगू शकत नाही.

याच कायद्याचे बारावे कलम मी भाचीला फोनवर वाचून दाखवले, कारण तिची इच्छा त्यातून शक्य होत होती. लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावता येते, किंवा दोघांची इच्छा असेल तर जादा शुल्क भरून कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही लावता येते. विधी कोणता करावा याचे बंधन नाही. फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समक्ष, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, मी तुझा कायदेशीर पती म्हणून किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, अशा अर्थाचे वाक्य प्रत्येकाने दुसऱ्याला उद्देशून उच्चारलेच पाहिजे. ते वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मला हे फार सुंदर वाटते. मंगलाष्टकांचा गजर, अक्षता आणि बँड यांतले सगळे काढून टाकल्यावर कायद्याने जे एकच आवश्यक म्हणून ठेवले, ते दोन माणसांनी मोठ्याने बोललेले एक वाक्य आहे. त्यामुळे जागा तोलताना मी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे पाहत राहिले: तिथे उभे राहून हे वाक्य नीट म्हणता येईल का, आणि साक्षीदारांना ते नीट ऐकू येईल का?

या कसोटीवर सप्टेंबरातले कास उतरत नाही. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास असलेल्या त्या माथ्यावर वाऱ्याला अडवणारे झाड क्वचितच आहे. धुके आले की चार हातांवरचे माणूस दिसत नाही. ते विरेपर्यंत थांबावे, तर पावसाची सर येते. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. दिवसाला किती माणसे सोडायची याची मर्यादा ठरवलेली आहे, आगाऊ नोंदणी आहे, तरीही ती मर्यादा काही हजारांत आहे, आणि ती सारी माणसे त्याच ठरलेल्या वाटांवरून जात असतात. शिवाय विवाह अधिकारी येणार म्हणजे त्यांच्यासोबत कागदपत्रे आणि प्रमाणपत्राची नोंदवही येणार. दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी आधी प्रतिज्ञापत्रावर व मागाहून प्रमाणपत्रावर सह्या करायच्या, अधिकाऱ्यांनी त्या तपासायच्या, आणि हे सारे छत्रीखाली, वाऱ्यात फडफडणाऱ्या पानांवर, ओल्या हातांनी. आपल्या आयुष्यभराच्या दस्तऐवजावरची शाई पावसाने फुटावी, असे कोणालाही वाटणार नाही.

तरीही वारा, पाऊस आणि गर्दी यांवर उपाय निघू शकला असता. आठवड्यातला मधला दिवस, पहिली सकाळ, घट्ट पुठ्ठ्याची फाइल, असे काहीतरी करता आले असते. माझा निर्णय झाला तो जमिनीमुळे.

कासचे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा पसरट माथा आहे. त्यावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तेवढाही नाही, आणि काही ठिकाणी नुसता उघडा कातळ. पावसाळ्यात त्या कातळावर पाण्याचा पातळ पापुद्रा साचून राहतो आणि त्या पाण्यात, त्या बोटभर मातीत, साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती येतात; त्यांतल्या कितीतरी पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाहीत. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतली महाराष्ट्रातली चार आहेत आणि त्यांत कास आहे. ही माहिती फलकांवर असते आणि बहुतेकांना ठाऊकही असते. पण गुडघे टेकून, जमिनीशी डोळे नेऊन पाहिल्याशिवाय ती अंगात उतरत नाही.

सीतेची आसवं नावाचे फूल घ्या. दुरून तो निळसर जांभळा गालिचा दिसतो, छायाचित्रांत तोच येतो. जवळून पाहिले तर प्रत्येक झाड म्हणजे वीतभरही नसलेली केसासारखी काडी असते, आणि तिच्या टोकाला नखाएवढे फूल. तिला खरी मुळे नाहीत. ओल्या मातीत पसरलेल्या तिच्या धाग्यांना डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या पिशव्या असतात, आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्या पिशव्यांत अडकवून ती स्वतःचे पोषण मिळवते, कारण जांभ्यावरच्या मातीत नत्र फार थोडे असते. म्हणजे त्या झाडाचे तोंड, पोट आणि पाय हे सर्व आपण बूट ठेवतो त्या एक बोट मातीत असते. शेजारच्या डबक्यात वायतुरा असतो, पाण्यातून दोन फाटे होऊन वर आलेला. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, तेरड्याचा गुलाबी, मागाहून येणारी पिवळी सोनकी, असे एकामागून एक पठार रंग बदलत जाते. यांतल्या बऱ्याच वनस्पती वर्षायू आहेत: रुजणे, फुलणे, बी धरणे आणि सुकणे हे त्यांना काही आठवड्यांतच उरकायचे असते. फुलात असताना तुडवलेले झाड बी धरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या जागी ते नसते.

भाचीने यावर एक प्रश्न विचारला, तो योग्यच होता. दिवसाला हजारो माणसे तिथे जातात, तर मग आमच्या दहा जणांनी असे काय बिघडणार, असे तिने विचारले. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. पाहायला आलेले माणूस वाटेवरून चालत राहते. थांबले तरी एकटे किंवा रांगेत थांबते. लग्नाला मात्र गोल लागतो. दोघे समोरासमोर उभे राहणार, अधिकारी मध्ये, साक्षीदार बाजूला, बाकीचे भोवती, आणि छायाचित्र काढणारा मागे मागे सरकत जाणार. असा गोल वाटेवर मावत नाही, तो फुलांतच पडतो. सगळे जण पंधरा-वीस मिनिटे एकाच जागी पाय हलवत उभे राहतात. आणि आपले छायाचित्र पाहून पुढच्या वर्षी आणखी दोन जोडपी तिथेच येतात, त्यांना गोल करायला आयती तुडवलेली जागा मिळते. लग्नाआधीच्या छायाचित्रणासाठी फुलांत बसवलेली, आडवी झालेली जोडपी आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांतले प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असे समजून आलेले असते.

दुसरी गोष्ट अक्षतांची आणि हारांची. रजिस्टर लग्न असले तरी हार घातले जातीलच, आणि आजी मूठभर अक्षता घेऊन येईलच. झेंडूच्या पिकलेल्या फुलात बी असते. हाराच्या पाकळ्या गळतात तेव्हा ते बीही गळते. एका हाराने पठार झेंडूचे होणार नाही, हे मला कळते. तरी इतकी निवडक, इतकी जपून वाढलेली वनस्पतींची वस्ती जिथे आहे तिथे बाहेरचे बी आपल्या हाताने टाकावे, हे माझ्या मनाला पटत नाही. पठाराची राखण वनविभागासोबत कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या समित्या करतात. फुलांच्या हंगामात वाटांवर उभे राहून लोकांना "फुलांत जाऊ नका" असे दिवसभर सांगण्याचे काम त्याच गावांतली मुले-मुली करतात. त्यांनी आपल्यालाही ते सांगावे आणि आपण लग्नाचे कारण पुढे करावे, हे चित्र मला सहन होत नाही.

आजीचाही विचार होताच. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. वाहनतळापासून पठारावर चालायचे, ओल्या दगडांवर उभे राहायचे, बसायला जागा नाही, आडोसा नाही. भाचीच्या लग्नात तिला गाडीत बसवून ठेवायचे असेल तर आठ-दहा जवळच्या माणसांचे लग्न या कल्पनेतच काही अर्थ राहत नाही.

दुसऱ्या जागाही पाहिल्या. फुलांचा हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, कासचा माथा सोनेरी गवताने भरतो, आकाश निवळते, गर्दी ओसरते. मला स्वतःला ते पठार तेव्हाच अधिक आवडते. पण दोघांना सुट्ट्या मिळणार नाहीत, आणि सुक्या गवतात एक ठिणगीही महागात पडते. ठोसेघरला धबधब्याच्या आवाजात कोणाचेच वाक्य ऐकू आले नसते. बामणोलीला शिवसागराच्या काठी शांतता आहे, समोर हिरवे डोंगर आहेत, होडीवाल्यांची वस्ती आहे. तिथे मी बराच वेळ बसले. कोयना धरणाच्या त्या पाण्याखाली जावळी खोऱ्यातली गावे, शेते, देवळे गेली आहेत आणि काठावरची कितीतरी घरे त्यांतूनच वर आलेली किंवा दूर पाठवलेली आहेत. तरीही मी ती जागा नाकारली नसती. पाण्याकाठच्या त्या लोकांनी स्वतः आपल्या मुलींची लग्ने तिथे लावली आहेत. अंतरामुळे ती मागे पडली, कारण अधिकाऱ्यांना तिथवर येण्याची विनंती करणे वाजवी वाटेना.

शेवटी भाचीला मी जे सुचवले ते असे आहे. कासकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आमच्या ओळखीच्यांचे घर आहे. पुढे पडवी, पडवीसमोर सारवलेले अंगण, अंगणाच्या कडेला बुटकी दगडी गडग आणि तिच्यापलीकडे थेट दरी. पाऊस आला तर सर्वांनी दोन पावले मागे सरकून पडवीत उभे राहायचे. टेबल, नोंदवही आणि शाई तिथे कोरडी राहते. आजीला पाठ टेकायला भिंत मिळते. घरच्या बाईंनी पुरणपोळी आणि कटाची आमटी करायचे कबूल केले आहे, आणि त्याचा मोबदला त्या घेतील हे मी आधीच ठरवून घेतले आहे, कारण कासच्या नावावर रस्त्याकडेच्या हॉटेलांनी पैसे मिळवावेत आणि गावातल्या घराने नुसते आदरातिथ्य करावे, हे बरोबर नाही. अंगणात उभे राहून मी भावोजींना दहा हातांवर उभे केले आणि साध्या आवाजात बोलून पाहिले. प्रत्येक शब्द त्यांना ऐकू गेला. कासला दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या वेळेची नोंदणी करून, तिकीट काढून, वाटेवरून चालत जावे.

भाची क्षणभर नाराज झाली, हे मी लपवत नाही. मुलगा मात्र तेव्हाच म्हणाला, "मावशी, तुम्ही अंगणाचं म्हणालात ते बरं झालं. माझ्या आईला पठारावर बोलवायला मला धीर होत नव्हता, घरी ये असं म्हणता येईल." त्यानंतर तीही कबूल झाली, आणि ती मनापासून कबूल झाली असे मला तिच्या आवाजावरून वाटले.

आता जुलैच्या पहिल्या आठवड्यात नोटीस द्यायची आहे, आणि तीस दिवस उलटल्यावर विवाह अधिकाऱ्यांकडे बाहेर येण्यासाठी अर्ज करायचा आहे. त्यांना येणे जमले नाही तर सकाळी कार्यालयात सह्या होतील, वाक्यही तिथेच म्हटले जाईल, आणि जेवण अंगणात होईल. दोघांनी याला मान्यता दिली आहे. साक्षीदारांपैकी एक भावोजी, दुसरी मी. तिसऱ्या नावाची जागा मुलाने अजून भरलेली नाही. त्याची आत्या यायला तयार आहे, तिचे आधार कार्डही त्याच्याकडे पोहोचले आहे, पण त्याने अर्ज भरायच्या दिवसापर्यंत आईची वाट पाहायचे ठरवले आहे.